गोळीनं उपास मोडत नाही

आई, तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्या वयाचं घरात कुणी उरलं नाही, माझेही गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात, तरी हा राग काही उतरला नाही. मधे मधे तो निजतो एवढंच. गेल्या सोमवारी तुझ्या थोरल्याच्या सुनेनं त्याला पुन्हा उठवलं, म्हणून लिहायला बसले. तुला मोठी पत्रं लिहायची सवय मला कधीच नव्हती. परभणीहून मी गावाकडं टाकायचे ती कार्डं चार ओळींची असत, सुखरूप पोचले, काळजी नसावी. तेव्हा लिहायचं राहिलं ते हे.

श्रावणातला सोमवार होता. दुपारी मी दादाकडं गेले. सून दार उघडायला आली ती गालावर हात ठेवूनच. "दाढ," एवढंच म्हणाली आणि परत ओट्याशी गेली. माझ्यादेखत तिनं एका पाकिटातून एक गोळी फोडली, दुसऱ्या पाकिटातून दुसरी फोडली आणि दोन्ही कोऱ्या चहाच्या घोटाबरोबर गिळल्या. मी विचारलं, "पोटात काही आहे का?" तर हसली. "आत्याबाई, सोमवार आहे ना. गोळीनं उपास मोडत नसतो." आणि मग तिनं, टेबलाशी अभ्यास करत बसलेल्या तिच्या मुलीकडं वळून, तुझी गोष्ट सांगितली. म्हणे आमच्या आजेसासूबाई पोथी वाचता वाचता रक्त ओकल्या, दवाखान्यात नेलं तरी अध्याय पुरे झाल्याशिवाय दुधाचा थेंब तोंडात घेतला नाही, आणि त्या पुण्यानंच वाचल्या. मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "हो का गं आत्याआजी?" मला विचारते! तिथं मी होते, तुझ्या तोंडाशी घमेलं मी धरलं होतं, आणि माझ्यासमोर माझ्याच आईची गोष्ट अशी सजवून मांडलेली, हळदीकुंकू लावून.

ती गोष्ट तू पसरवलीस आई. ती ऐकून आज एक बाई उपाशी पोटी गोळ्या गिळते आहे. म्हणून आता माझ्या बाजूनं ऐक. जिवंतपणी तू ते कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस.

त्या वर्षी उन्हाळ्यातच तुझी वरची दाढ दुखायला लागली होती. आपल्या गावात, ताडकळसला, दातांचा डॉक्टर नव्हता. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून एकजण चिमटा घेऊन बसायचा. त्याच्यापुढं तू तोंड उघडलं नाहीस, तेवढं एक शहाणपणाचं केलंस. दातांचा खरा डॉक्टर परभणीला, आणि परभणी एसटीनं काही काशी नव्हती. मी तिथंच खोली घेऊन राहत होते, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. सकाळच्या गाडीनं येऊन, दाढ दाखवून, माझ्या खोलीवर दोन घास खाऊन तू संध्याकाळी घरी परतली असतीस. सुट्टीला घरी आले की मी तेच सांगत होते. आधी तू म्हणालीस, लोणच्याच्या कैऱ्या पडल्यात. मग म्हणालीस, पेरणी होऊ दे. दादा त्याच्या सवयीनं म्हणाला, "पोळा झाला की नेऊ." आणि एकदा मी फारच लावून धरलं तेव्हा खरं कारण बाहेर आलं.

"वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाती. मग पोथी कोन वाचंल? तू वाचणार हायस का?"

मी ओसरीच्या फरशीवर खडूनं कवटी काढली. दाढेकडं जाणारी नस कुठून जाते, डोळ्याची नस कुठून, दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे वर्गात सांगते तसं सांगितलं. तू चष्मा न लावता नीट वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "चित्र चांगलं काढलीस." मग पाण्याचा तांब्या आणून फरशी पुसून घेतलीस, कारण कवटी दारात नको.

नजर जाईल म्हणून दाढ काढायची नाही, आणि दाढ काढायची नाही म्हणून गोळ्या खायच्या. तुझा तो पितळी पानाचा डबा मला आजही दिसतो. एका कप्प्यात सुपारी, एकात लवंगा, एकात चुन्याची डबी, आणि उरलेल्या दोन कप्प्यांत पूर्वी कात आणि बडीशेप असायची, तिथं आता गोळ्या. पांढऱ्या, गुलाबी, पुड्यांमध्ये बांधलेली भुकटी. किराणा दुकानात साखरेबरोबर मिळत होत्या, कुणी काही विचारत नव्हतं. लवंगेचा बोळा दाढेत धरायचीस त्याला माझी ना नव्हती, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा भरायचीस त्यालाही नव्हती. पण तू गोळी गिळायची ती गिळायचीस आणि वर एक गोळी गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचीस, "तिथल्या तिथं लागू पडती" म्हणून. एकदा मी तुझा ओठ उचलून पाहिला. हिरडी भाजल्यासारखी पांढरी पडली होती. मी म्हटलं, "आई, हे औषध पोटातून रक्तात जाऊन काम करतं, हिरडीवर ठेवलं तर फक्त हिरडी जाळतं." तू म्हणालीस, "जळू दे की. कीड तरी जळंल."

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शाळा बंद झाल्या, मी घरी आले. दोनच दिवसांत एसटी थांबली. रस्त्यावर दगड, झाडं आडवी टाकलेली, पोलिसांच्या गाड्या. आणि तेव्हा तू, दाढ ठणकत असताना, एका समाधानानं म्हणालीस, "आता तर एसटीच बंद हाय. आता काय करनार?" मला त्या वाक्याचा अजून संताप येतो. एसटी बंद होती हे खरं. पण त्याआधी सगळा उन्हाळा आणि निम्मा पावसाळा ती रोज सकाळी आपल्या दारावरून धूळ उडवत, मग चिखल उडवत जात होती. अडचण खरी असते तेव्हा माणूस हतबल होतो, ते मी समजू शकते. तू अडचणीची वाट पाहत होतीस.

श्रावण लागला आणि तुझी पोथी सुरू झाली. रोज दुपारी आपल्या ओसरीवर गल्लीतल्या बायका जमायच्या. तुझा नेम मला पाठ होता: त्या दिवसाचे अध्याय पुरे होईपर्यंत वाचणारणीनं तोंडात काही घालायचं नाही, मग भले दुपार टळून दिवे लागायची वेळ होवो. दाढ दुखत असताना तू वाचायचीस. गाल फुगलेला, शब्द एका बाजूनं निघायचे, पण वाचायचीस. बायकांना त्याचं फार कौतुक. आणि कौतुक नुसतं नव्हतं. प्रत्येकीच्या पदराच्या गाठीत तुझ्यासाठी एक गोळी असायची. पोथीला जाताना रिकाम्या हातानं जायचं नसतं, कुणी फूल आणायची, कुणी वात आणायची. त्या श्रावणात सगळ्या गोळ्या आणायला लागल्या.

"काकू, ही घ्या," शेजारची मावशी म्हणते आहे. अजून ऐकू येतो तिचा आवाज. "माझ्या जावायानं नांदेडहून आणलीय. मी गुडघ्याला घ्यायलेय. लय जालिम हाय."

पलीकडची म्हणते, "आन् ही गुलाबी बी ठेवा. पांढरी चढली न्हाई तर गुलाबी चढती."

मी दारातून विचारते, "मावशी, दोन्हींत एकच औषध असलं तर?"

"एकच कसं असंल? रंग येगळा हाय की!" मावशी सगळ्यांकडं बघून हसते. "शिकून शिकून पोरीला रंग बी कळंना झालेत, काकू."

सगळ्या हसतात. तूही हसतेस, गाल धरून. आणि दोन्ही गोळ्या पाण्याच्या एका घोटाबरोबर गिळतेस, सकाळपासून रिकाम्या असलेल्या पोटात.

त्यांच्या माघारी मी तुझ्याशी भांडले. म्हटलं, "एक वेळ गोळी घे, पण आधी अर्धी भाकरी खा. दूध पी. केळं खा." तू पोथीचं फडकं बांधत होतीस. न बघताच बोललीस.

"पोथी व्हायच्या आधी खाल्लं तर नेम मोडतो. गोळीनं उपास मोडत न्हाई."

"का नाही मोडत? तीही तोंडातूनच जाते ना?"

"गोळी काय शेतात पिकती का?" तू म्हणालीस. "पिकतं ते अन्न. गोळी अन्न न्हाई."

मी बी.एस्सी. झालेले, रसायनशास्त्र घेऊन, पण तुझा हिशेब माझ्याहून पक्का होता. गोळी अन्न नाही, म्हणून ती उपाशी पोटी चालते. अन्न नाही म्हणूनच ती उपाशी पोटी चालत नाही, हे मी ओरडून सांगत होते. देवाला चालतं की नाही एवढंच तू बघत होतीस. पोटाला चालतं का, हे पोटाला कुणी विचारलंच नाही.

शेवटी पोटानंच सांगितलं. त्या दिवशी तू सकाळपासून पांढरी फटक होतीस. नंतर कळलं, दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, आणि तू ते कुणाला बोलली नव्हतीस, कारण असलं काय बोलायचं. दुपारी पोथी मांडली. काही अध्याय झाले, थोडे राहिले होते. मधेच तू वाचायची थांबलीस, पानावर बोट ठेवलंस, मावशीला म्हणालीस, "बोट ठेव हितं," आणि उठून न्हाणीकडं गेलीस. मी मागं धावले. तू भिंतीला धरून ओकलीस. आधी चहाच्या चोथ्यासारखं काळपट, मग लाल. घमेलं माझ्या हातात कसं आलं ते आठवत नाही. मागं मावशी पोथीवर बोट ठेवून तशीच बसलेली, ओरडते आहे, "काय झालं गं माय, काय झालं?" पण बोट काढत नाही.

दादानं पोळ्याचं नाव काढलं नाही. मावशीच्या मुलाचा ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. तू गादीवर पडलीस आणि म्हणालीस, "पोथी द्या." फडक्यात बांधलेली पोथी छातीशी धरून तू परभणीला निघालीस. हात गार पडलेले, ओठ पांढरे, आणि पोथीवरची मूठ अशी की सोडवता येईना.

वाटेत एका गावाच्या कडेला वस्तीतली घरं जळून काळी पडलेली दिसली. वासे तेवढे उभे होते. एक म्हातारी रस्त्याकडं पाठ करून राखेतून काहीतरी उचलत होती. तुझे डोळे मिटलेले होते, माझे उघडे होते. एका नावासाठी लोकांनी लोकांची घरं जाळली होती, आणि आपण घरात बसून म्हणत होतो की एसटी बंद आहे म्हणून आपली फार अडचण झाली. त्या दिवशी मी सगळ्यांवरच चिडलेली होते. त्यातला तुझ्या वाटचा राग तेवढा इथं लिहिते आहे. बाकीचा कुठं लिहावा ते मला कळलेलं नाही.

सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. डॉक्टर तरुण होता, डोळे जागरणानं लाल. वॉर्डात डोकी फुटलेली माणसं होती, भाजलेली होती, आणि त्यांच्या मधे तू, दाढेच्या दुखण्यानं आलेली. त्यानं सलाईन लावलं, पोट दाबून पाहिलं, पानाचा डबा उघडून पाहिला. तो मी मुद्दाम बरोबर घेतला होता.

"दिवसाला किती घेत होता?"

"मोजून ठेवायला त्या काय दागिना हायेत का?" तू म्हणालीस. त्या अवस्थेतही.

तो हसला नाही. त्यानं गोळ्या एका कागदावर ओतल्या आणि मला जवळ बोलावलं. "ही पांढरी ॲस्पिरिन. ही गुलाबी, रंग वेगळा, आत ॲस्पिरिनच. या पुडीतही तेच. ही गुडघ्याची, हिचं नाव वेगळं, पण पोटाला जखम करायची रीत तीच. म्हणजे यांनी चार औषधं घेतली नाहीत, एकच औषध चौपट घेतलं. तेही उपाशी पोटी." मग तुझ्याकडं वळला. "बाई, दाढ कुठं आहे?"

"तोंडात हाय की."

"दुखते?"

"दुखती."

"म्हणजे एवढ्या गोळ्या खाऊन दाढेचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पोटाचं. गोळीनं कळ झोपते, बाई, दाढेतला पू झोपत नाही. गोळी ही दवाखान्यात पोचेपर्यंतची सोय आहे. एक दिवस, दोन दिवस. तुम्ही तिच्यावर सगळा हंगाम काढलात." आणि मग मला, "तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"विषय?"

"विज्ञान."

तो नुसता माझ्याकडं बघून पुढच्या खाटेकडं गेला. त्या बघण्याचाही राग मी तुझ्याच नावावर टाकला आहे. फरशीवर कवटी काढणारी मुलगी त्याला कुठून दिसणार?

रात्रभर तुला तोंडानं काही द्यायचं नव्हतं. सकाळी तो आला, तपासलं, म्हणाला, रक्त थांबलंय, आता थोडं थोडं गार दूध द्या, दर दोन तासांनी, आणि त्यानंतर हे पांढरं पातळ औषध. दादानं कुठून तरी दूध आणलं. मी पेला तुझ्या तोंडाशी नेला. तू तोंड फिरवलंस.

"अध्याय राहिलेत."

आई, त्या वेळी तुझ्या मानेला धरून मी ते दूध ओतणार होते. खरं सांगते. दादा बाजूला उभा राहून रडत होता आणि म्हणत होता, आई, घे ना, आई, घे ना. नर्स म्हणाली, "आजी, देव काय पळून जायलाय का?" तू म्हणालीस, "देव न्हाई जायला, मीच जायलेय. म्हनून तर म्हनते, पुरं होऊ दे." आणि उशाशी ठेवलेल्या पोथीकडं बोट केलंस. चष्मा घरी राहिला होता. तुला वाचता येणार नव्हतं.

म्हणून मी वाचलं. ज्या मुलीनं कॉलेजात गेल्यापासून देवापुढं हात जोडले नव्हते, ती सरकारी दवाखान्याच्या फरशीवर मांडी घालून पोथी वाचायला बसली. बाजूच्या खाटेवरचा डोक्याला पट्टी बांधलेला माणूस ऐकायला कुशीवर वळला. मी भरभर वाचत होते, चिडून, बाजाराची यादी वाचावी तसं. आणि तू, तोंडाची एक बाजू सुजलेली, अंगात रक्त नाही, तरी मला टोकत होतीस. "ओवी तोडू नको." "श्वास घे की मधी." "घाई कुठं हाय?" डोळे मिटलेले, पण ओठ माझ्याबरोबर हलत होते. सगळी पोथी तुला पाठ. इतक्या श्रावणांत पाठ झालेली.

राहिलेले अध्याय सगळे वाचायचे तर दुपार झाली असती. तुझी नाडी मला मनगटावर नीट लागत नव्हती. मी एक अध्याय पुरा केला, आणि सुटी पानं होती, ती पुढची दोन अध्यायांची पानं एकदम उचलून खाली ठेवली आणि शेवटचा अध्याय वाचायला लागले. मला त्याचं काहीही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण पहिली ओवी वाचली आणि तुझे ओठ थांबले. क्षणभरच. तू डोळे उघडलेस. माझ्याकडं बघितलंस. मी आवाज चढवून वाचतच राहिले. एवढा वेळ एकेका ओवीला टोकणारी तू एक शब्द बोलली नाहीस. तुझे ओठ पुन्हा हलायला लागले, मी जिथं पोचले होते तिथूनच. अध्याय संपला. तू हात पुढं केलास आणि म्हणालीस, "आन."

तू दूध प्यालीस. पेला रिकामा करून दिलास.

आणि बरी होऊन घरी आलीस तेव्हा ओसरीवर बायका जमल्या, आणि तू सांगितलंस, अध्याय पुरे केले म्हणून वाचले! माझ्यासमोर! परतायच्या आधी मी तुला परभणीतच दातांच्या डॉक्टरकडं नेलं होतं, ती सडकी वरची दाढ त्यानं काढली होती, तिच्या मुळाशी पुवाची पिशवी होती. तेही तू सांगितलं नाहीस. त्यानंतर तू कितीतरी वर्षं जगलीस. शेवटपर्यंत खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होतीस. नजर गेली नाही आई. एकदा तरी म्हणायचं होतंस, की गेली नाही बरं का. मावशी त्यानंतरही गल्लीत गोळ्या वाटत राहिली, फक्त आता म्हणायची, "घ्या, काकू खायच्या, त्यांना देवानं तारलं." तुझ्या एका वाक्यानं गोळ्यांनाच पुण्य चिकटलं.

तेच वाक्य गेल्या सोमवारी मला परत मिळालं. मग मी सुनेच्या हातून कप काढून घेतला. म्हटलं, केळं उपासाला चालतं, दूध चालतं, निदान आता ते खा. तिची दोन्ही पाकिटं चष्मा लावून वाचली. नावं दोन, रंग दोन, कंपन्या दोन, आत औषध एकच. तिला दाखवलं. म्हटलं, मोठी अक्षरं वाचू नको, त्याखालची बारीक वाच. एका वेळी एकाच जातीची गोळी, पोटात काही घालून, भरपूर पाण्याबरोबर, आणि पाकिटावर लिहिलंय त्याच्या वर एकही नाही. तापाच्या साध्या गोळीलाही हद्द असते, ती ओलांडली तर यकृत जातं. पोटात पूर्वी कधी जखम झालेली असली, मूत्रपिंड, दमा असला, रक्त पातळ करायचं औषध चालू असलं, दिवस गेलेले असले, तर आधी डॉक्टरला विचारायचं, शेजारणीला नाही. तुझी गोळी मुलीला द्यायची नाही. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, घोट गिळवेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मग तो कितीही लांब असो. आणि शौचाला काळं झालं किंवा रक्त पडलं तर तासाचीही वाट पाहायची नाही, लाजायचं तर मुळीच नाही. ती ऐकत होती, पण पटलं नव्हतं. तिच्या खिडकीतून, आई, समोरच्या दातांच्या दवाखान्याची पाटी दिसते. रस्ता ओलांडायचा. तरी म्हणते, "श्रावण होऊ द्या, आत्याबाई." आता तर एसटीचंही निमित्त नाही!

मग म्हणाली, "पण आजेसासूबाईंनी अध्याय पुरे केलेच ना?"

"नाही," मी म्हटलं. "दोन अध्याय मी गाळले होते. आणि त्यांना ते कळलं होतं. तरी त्यांनी दूध घेतलं."

मुलीनं पेन खाली ठेवलं. सुनेनं केळं सोललं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला रस्त्यापलीकडं घेऊन गेले. दाढ वाचली, नुसती साफ करून भरता आली, कारण वेळेत गेली. तुझी गोष्ट मी मोडली आई, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुझं पुण्य, असलंच तर, दूध घेण्यात होतं. तू नेम मोडलास, माझ्यासाठी की जगायचं होतं म्हणून, ते मला ठाऊक नाही, आणि पुढं आयुष्यभर तू ते लपवलंस. माझा सगळा राग त्या लपवण्यावर आहे, हे लिहिता लिहिता आत्ता कळलं.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. तुझ्या पानाच्या डब्यात मावणार नाहीत, पोथीच्या फडक्यात बांधून ठेवीन. पोथी माझ्याकडंच आहे. आणि त्यावरून एक सांगते, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू गेल्यावर पहिल्याच श्रावणात, एका दुपारी, घरात कुणी नव्हतं तेव्हा, मी ते गाळलेले दोन अध्याय वाचले. सावकाश वाचले, ओवी न तोडता. पण आधी पोटभर जेवले होते.